हातचा

मोठा गुणाकार मांडायचा तर वही चौकटीची हवी. एका चौकटीत एकच अंक, आणि खालचा अंक वरच्याच्या बरोबर खाली. एकतीस वर्षं मुलांना हे सांगत आले आणि निवृत्तीनंतरही माझ्या वहीत तसंच मांडते. नऊ वेळा एक लिहून होणारी संख्या, १११११११११, हिला तिनेच गुणायचं असेल तर पाढ्यांचं कामच पडत नाही. एकाने गुणायचं, म्हणजे आहे तीच संख्या पुन्हा लिहायची; फक्त दर ओळीला एक घर डावीकडे सरकायचं. नऊ ओळी लिहून झाल्या की पानावर एकांचा तिरका पट्टा पडलेला दिसतो. मग उभ्या बेरजा. उजवीकडच्या पहिल्या रांगेत एकच एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन, असं चढत चढत मधल्या रांगेत नऊ, आणि तिथून पुन्हा उतार. रेघेखाली उत्तर येतं:

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंक. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तीच. आयुष्यात मी बऱ्याच संख्यांशी झटापट केली, पण इतकी वर्षं सोबत राहिली ती ही.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एकं, दहं, शतंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. माझ्या आजीला ती पाठ होती. पावकी, निमकी, औटकी म्हणावी तशी ती एका दमात म्हणायची आणि परार्धाला पोचली की थांबून श्वास घ्यायची. त्या हिशेबाने आपली संख्या सतराव्या स्थानावर, ‘मध्य’वर सुरू होते. पुढचं घर परार्धाचं, आणि तिथे नावं संपतात. एवढं ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

मी डोंबिवलीची. लग्न होऊन इथे आले तेव्हा या गावाचं नाव गणितात गेलंय हे मला ठाऊक नव्हतं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवत राहिले. पदवीपलीकडचं गणिताचं औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. ६१७४ मुळे त्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. मला त्यांच्या ‘डेमलो संख्या’ जवळच्या. जी. आय. पी. रेल्वेच्या ज्या स्टेशनात त्यांना या संख्या सुचल्या ते डेमलो, म्हणजे आजची डोंबिवली. ज्या गावात मी रोज गर्दीत लोकलची वाट पाहत उभी राहायचे, तिथे कधीतरी एक तरुण मुलगा आकड्यांच्या विचारात गढून उभा होता, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. अजूनही वाटतं.

डेमलो संख्या ओळखायची कशी? तिचे तीन भाग पाडायचे. डावा आणि उजवा भाग मिळवले की मधलाच अंक सलग यायला हवा. १२३२१ घ्या: १२ आणि २१ मिळून ३३, आणि मध्ये ३. आता आपली मोठी. मधला ९ बाजूला ठेवला तर डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९. एकही हातचा घ्यावा लागत नाही. एक आणि आठ, दोन आणि सात, तीन आणि सहा, सगळ्या जोड्या नवाच्या.

कापरेकरांचं दुसरं एक नाव मला त्याहून आवडतं: हर्षद. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो ती हर्षद, म्हणजे हर्ष देणारी. १८ घ्या, एक आणि आठ नऊ, नवाने अठराला भाग जातो. मुलांना ही व्याख्या सांगितली की ती लगेच आपापल्या जन्मतारखा, घर नंबर, बसचे नंबर तपासायला लागतात. आपल्या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज: एक ते नऊ पंचेचाळीस, उतारावरचे आठ ते एक छत्तीस, मिळून ८१. भागून पाहिलं. १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. म्हणजे हर्षदही. शिवाय ही भागाकाराची संख्यासुद्धा पूर्ण वर्ग आहे, १२३४५६७९ चा. आठ नसलेल्या त्या संख्येचा. तिला नवाने गुणलं की नऊ एक येतात, अठराने गुणलं की नऊ दोन, त्रेसष्टने नऊ सात. ही गंमत मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पण तिच्यात आठ का नसतो, हे मला शाळेत असताना कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

मोठी संख्या हातात आली की माझी पहिली ओढ तिचे अवयव पाडण्याची. वर्गाचे अवयव पाडायचे तर मुळाचे पाडले की झालं, म्हणून नऊ एक घेऊन बसले. तीनतीनचे गट केले: १११, १११, १११. म्हणजेच १११ गुणिले १००१००१. सदतीस त्रिक एकशे अकरा, तो पहिला भाग सुटला. १००१००१ च्या अंकांची बेरीज तीन, म्हणून तीनाने भाग: ३३३६६७. आता ही सहा अंकी संख्या मूळ आहे की हिच्याही पोटात कुणी आहे?

हा प्रश्न मी डोंबिवली-ठाणे लोकलमध्ये सोडवला, तीन दिवसांच्या जाण्यायेण्यात, मांडीवरच्या पर्सवर वही ठेवून. सरळ रस्ता असा की वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्या आहेत १०६. पण थोडा विचार केला तर काम पुष्कळ कमी होतं. एकाला ३३३६६७ ने भागलं तर दशांशात ०००००२९९७ हे नऊ अंक फेरी धरून पुन्हापुन्हा येतात, कारण ३३३६६७ ला २९९७ ने गुणलं की बरोबर नऊ नव येतात. मग ३३३६६७ ला भाग जाणारी जी कुणी मूळ संख्या असेल तिचीही फेरी नऊ अंकांची, किंवा तीनाची, किंवा एकाची. एक आणि तीन अंकी फेऱ्या फक्त ३ आणि ३७ यांच्या. राहिली नऊची फेरी. मूळ संख्येतून एक वजा केला की जे उरतं त्याला फेरीच्या लांबीने भाग जातो, हे फर्माने १६४० साली सांगितलेल्या नियमातून येतं. म्हणजे आपली संशयित संख्या नवाच्या पटीपेक्षा एकाने जास्त, आणि विषम, म्हणून अठराच्या पटीपेक्षा एकाने जास्त. १९, ३७, ७३, १०९, १२७ अशा अठरा-अठराच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या मूळ संख्या तेवढ्या तपासायच्या. ५७७ पर्यंत त्या सतराच आहेत. १०६ ऐवजी १७.

सतरा भागाकार हातानेच केले, कारण कॅल्क्युलेटरवर केले असते तर बाकी दिसली नसती, आणि खरी ओळख बाकीतून होते. १९ ने भागलं, बाकी ८. ३७ ने भागलं, तर ३७ गुणिले ९०१८ म्हणजे ३३३६६६, बाकी १. तिथे मी पेन्सिल खाली ठेवली. एकाने हुकलं. १६३ ला बाकी ६. ५२३ ला सातच कमी पडले. शेवटची ५७७, तिची बाकी १६१. गाडी मुंब्र्याच्या पुढे होती तेव्हा. सतरापैकी एकानेही भाग गेला नाही, म्हणून ३३३६६७ मूळ. आणि आपली मोठी संख्या म्हणजे तीनाचा चौथा घात, सदतिसाचा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. बरोबर पंचेचाळीस विभाजक. वर्ग आहे म्हणून विषम संख्येने, हे मुलांना लगेच कळतं.

एकांची प्रत्येक माळ अशी फुटत नाही. एकोणीस एक सलग लिहिले की होणारी संख्या मूळ आहे, तिला कशानेच भाग जात नाही. तिथे माझ्या हाताचा निभाव लागत नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते सिद्ध झालं तेव्हा कुणाची किती पानं भरली असतील, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

पण हे सगळं नऊ एकांपर्यंतचं. माझ्या आयुष्यातली खरी घटना दहाव्या एकाची आहे.

नोकरीचं चौथं वर्ष होतं. आठवीच्या वर्गात वर्ग आणि वर्गमूळ चालू होतं, आणि तास रंगावा म्हणून मी फळ्यावर एकांची उतरंड घेतली. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. पाचव्यापासून मुलं कोरसमध्येच उत्तरं सांगायला लागली. नऊ एकांचा वर्ग तर सगळा वर्ग ओरडून म्हणाला. कुणीतरी विचारलं, “बाई, दहा एकांचा?” घंटा होत आली होती. माझा खडू त्याच लयीत पुढे गेला आणि मी लिहिलं:

१२३४५६७८९१०९८७६५४३२१

किती सरळ दिसत होतं ते. आठ, नऊ, दहा, नऊ, आठ. वर मी नवाचा ताळाही घेतला. दहा एकांची बेरीज दहा, म्हणजे एक. एकाचा वर्ग एक. उत्तराच्या अंकांची बेरीज ९१, नऊ आणि एक दहा, म्हणजे एक. “ताळा जुळला,” म्हणाले, आणि घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली. चौकटीच्या वहीची दोन पानं तिने डिंकाने आडवी जोडली होती, कारण एका पानाची रुंदी पुरत नव्हती. दहा ओळी, प्रत्येकीत दहा एक, एकेक घर सरकत गेलेल्या. अक्षर स्वच्छ. रेघेखाली तिचं उत्तर:

१२३४५६७९००९८७६५४३२१

“बाई, माझं वेगळं येतंय. तीनदा केलं. आठ कुठे गेला ते कळत नाही.”

मी म्हणाले, “हातचा चुकला असेल, पुन्हा बघ.” पान तिच्या हातात परत दिलं. या वाक्याचं मला आजही वाईट वाटतं. हातचा तिचा चुकला नव्हता. मीच तो घेतला नव्हता.

संध्याकाळी गाडीत बसायला मिळालं आणि मी तिच्यासारखीच मांडणी केली. उजवीकडून एक, दोन, तीन, करत नवव्या रांगेत नऊ. दहाव्या रांगेत दहा एक. एका चौकटीत दहा मावत नाहीत. दहाचा शून्य, हातचा एक. डावीकडच्या रांगेत नऊ, त्यात हातचा मिळवून पुन्हा दहा. शून्य, हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ. आठ आणि एक नऊ. तिथे हातचा थांबला. आठ कुठेही गेला नव्हता. आठच नऊ झाला होता, आणि नऊ शून्य झाला होता.

मग ताळा का जुळला? हे उलगडायला आणखी काही दिवस लागले, आणि ते कळलं तेव्हा शिकवण्याची माझी पद्धत बदलली. आपण हातचा देतो तेव्हा एका घरातून दहा जातात आणि शेजारच्या घरात एक येतो. अंकांची बेरीज नवाने कमी होते, आणि नवाचा ताळा तर नव टाकूनच देतो. अंक कुठल्या घरात बसलाय याच्याशीही त्याला देणंघेणं नाही. म्हणजे हातचा घेतला काय, न घेता दहा तसेच लिहून ठेवले काय, नवाच्या ताळ्याला दोन्ही सारखंच. नेमक्या माझ्या चुकीपुरता तो आंधळा होता. रांगांमधल्या सगळ्या एकांची बेरीज शंभर. दोन हातचे गेले, दोनदा नऊ वजा, उरले ब्याऐंशी. तिच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज करून पाहा, ८२ च येते.

अकराचा ताळा असता तर मी तिथेच सापडले असते. एक आड एक अंक मिळवायचे आणि वजा करायचे, म्हणजे घराला किंमत आली. दहा एकांना अकराने भाग जातो, तेव्हा वर्गालाही जायलाच हवा. तिच्या उत्तराची अशी बेरीज-वजाबाकी शून्यावर येते. माझ्या उत्तराची एकावर. आणि ताळासुद्धा नको, नुसते अंक मोजले असते तरी पुरलं असतं. दहा एक म्हणजे अब्जाहून थोडी जास्त संख्या. तिचा वर्ग एकोणीस अंकी असणार. मी फळ्यावर वीस अंक लिहिले होते.

एकोणीस अंक, म्हणजे आजीच्या अठरा नावांच्या पलीकडचं घर. परार्ध ओलांडून पुढे गेल्यावर नाव नाही, आणि नेमकं तिथेच चढउताराचं चित्रही मोडतं. हा योगायोग आहे हे मला कळतं. तरी तो मनातून जात नाही.

पुढच्या तासाला मी फळ्यावर दोन्ही उत्तरं लिहिली, माझं खोडलं, आणि ते कुणी शोधून काढलं ते सांगितलं. तिला पुढे बोलावून पूर्ण गुणाकार तिच्याकडून फळ्यावर करून घेतला. डस्टर दोनदा फिरवावा लागला, इतका तो रुंद होता. दहाव्या रांगेला आली तेव्हा ती थांबली, आणि वर्गाकडे न पाहता म्हणाली, “इथे हातचा.”

नंतरच्या वाचनात मला कळलं की या माळांचा नाद फार जुना. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात १२३४५६५४३२१ ही संख्या आहे, एकापासून सहापर्यंत चढून उतरणारी, आणि गळ्यातल्या हारासारखे दिसणारे गुणाकारही आहेत. त्यांचा हार सहावर उतरतो, तिथे हातच्याची भीती नाही.

मुलीचा तो प्रश्न मात्र अर्धाच सुटला होता. १२३४५६७९ मध्येही आठ नाही आणि १२३४५६७९००… च्या चढावरही नाही. दोन्हीकडून तोच अंक नाहीसा व्हावा, याला काही कारण असणार. ते सापडलं तेव्हा तिची बॅच केव्हाच बाहेर पडली होती, आणि मला ते तिला सांगता आलं नाही.

कारण असं. एकांची कुठलीही माळ म्हणजे तेवढ्याच नवांच्या माळेचा नववा भाग. तिचा वर्ग म्हणजे नवांच्या माळेच्या वर्गाचा एक्क्याऐंशीवा भाग. आणि नवांची माळ एकावर शून्यं दिलेल्या संख्येपेक्षा फक्त एकाने कमी. म्हणजे एकांच्या माळेचा वर्ग डावीकडून वाचत गेलं की आपण खरं तर १ भागिले ८१ वाचत असतो. माळ जितकी लांब, तितकं ते जास्त दूरवर दिसतं. अकरा एकांचा वर्ग करून पाहा: १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. नवाच्या पुढे शून्य, एक, दोन. हार पुन्हा ओवायला सुरुवात झाली. माझ्या लाडक्या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१, तीही उगाच नाही: नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि एकही हातचा गेलेला नाही.

हे कारण सापडलं त्या दिवशी डोंबिवलीच्या फलाटावर गाडी उशिरा होती. मी वहीच्या शेवटच्या पानावर भागाकार मांडला. एकाला ८१ ने भाग जात नाही, दहालाही नाही. शंभरात एकदा, बाकी १९. एकशे नव्वदात दोनदा, बाकी २८. दोनशे ऐंशीत तीनदा, बाकी ३७. मग ४६, ५५, ६४. बाकी दर वेळी नवाने वाढत चाललेली. सातवा भाग लावला, बाकी ७३. आता पाळी आठाची. ७३० मधून आठ वेळा एक्क्याऐंशी, म्हणजे ६४८, वजा केले तर ८२ उरतात. ८१ पेक्षा एकाने जास्त. अजून एकदा भाग बसतो. मी आठ खोडला आणि नऊ लिहिला. ७३० वजा ७२९.

बाकी एक.